आजी जिथे दळण निवडते

घरातला सगळ्यात चांगला उजेड कुठे आहे, हे घरातल्या आजीला माहीत असतं. ज्वारीतले खडे दिसेनासे झाले, सुईत दोरा जाईना, की म्हातारं माणूस हळूहळू आपली एक जागा धरतं. सूप, दळणाचा डबा आणि बसायला पाट घेऊन ती रोज तिथेच बसते. उजेड डोळ्यांवर येऊ नये, पण हातातल्या दाण्यांवर पुरता पडावा, असा कोन तिने वर्षानुवर्षांच्या सवयीने साधलेला असतो. माणसाच्या चेहऱ्याचा फोटो काढायलाही हीच जागा लागते.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या काठी बोरी अरब लागतं. तिथे एका मित्राच्या जुन्या घरी, डिसेंबरातल्या एका सकाळी, मी त्याच्या आजीचा फोटो काढायला गेलो होतो. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, मधल्या खोलीला उत्तरेकडे एक खिडकी आणि पूर्वेला आणखी एक. आजी उत्तरेच्या खिडकीपाशी बसून दळण निवडत होती. कॅमेरा पाहून म्हणाली, "लाइट लाव ना बापू, अंधारात कायचा फोटो निंघते?"

मी लाइट लावला नाही. उलट समोरचं दार लोटून घेतलं, पूर्वेच्या खिडकीच्या झडपा लावल्या. खोली अंधारली. आणि त्या अंधारातून आजीचा चेहरा वर आला. कपाळावरचं गोंदण, गालाचं हाड, ओठांच्या कडेच्या रेघा, सगळं. उजेड तेवढाच होता, वाढला नव्हता. फक्त आजूबाजूचा गेला होता.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. चेहऱ्याचा ठाव घेणारा फोटो उजेड वाढवून मिळत नाही, अंधार सांभाळून मिळतो. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू गावातल्या कुठल्याही घरात असतात आणि कॅमेरा म्हणून खिशातला मोबाइल पुरतो. एकेक पायरी क्रमाने पाहू.

खिडकीची दिशा

प्रत्येक खिडकीचा दिवस वेगळा असतो. बोरी अरब विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशांवर आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूने फिरतो. या सहा महिन्यांत उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कधीच आत येत नाही. येतो तो आभाळाचा उजेड. तो मऊ असतो आणि तासन्‌तास फारसा बदलत नाही. चित्रकार उत्तरेकडे तोंड असलेली खोली का शोधत, ते यावरून लक्षात येईल. चित्र काढायला बसलं की चार तासांत सावल्या हलून चालत नाहीत.

उन्हाळ्यात मात्र हा नियम थोडा मोडतो. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला, साधारण २५ अंश सरकून उगवतो आणि तसाच उत्तरेला सरकून मावळतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे कुठल्याच खिडकीत ऊन येत नाही.

पूर्वेच्या खिडकीत सकाळी ऊन, दुपारनंतर शांत उजेड. पश्चिमेच्या खिडकीत याच्या उलट. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात सर्वांत नाट्यमय. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. म्हणजे खिडकीची वरची चौकट जमिनीपासून जितकी उंच, साधारण तितक्याच अंतरावर आत जमिनीवर कवडसा पडतो. सहा फुटांवर चौकट असेल तर सहा फुटांपर्यंत ऊन. बाहेर ओसरी किंवा छपराची पुढे आलेली वळचण असेल तर अर्थातच कमी.

कवडसा चेहऱ्यावर थेट घेऊ नये. डोळे मिटतात, कपाळ पांढरं फटक पडतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. त्यापेक्षा खिडकीवर धुतलेलं पातळ पांढरं धोतर ताणून बांधा. आता सूर्य हा दिव्यासारखा एक ठिपका राहत नाही. ते अख्खं धोतरच उजेडाचा उगम होतं आणि सावलीची कड विरघळते. पावसाळ्यात हे काम ढगच करतात. फक्त उजेड कमी असतो, म्हणून कॅमेरा स्थिर ठेवावा लागतो.

जाड भिंत, लहान खिडकी

फ्लॅटमधल्या मोठ्या काचेच्या खिडकीपेक्षा जुन्या मातीच्या घरातली लहान खिडकी या कामाला जास्त चांगली, असा माझा अनुभव आहे. कारण साधं आहे. भिंत जाड असली की खिडकी ही नुसती चौकट न राहता एक आखूड बोगदा होते. त्यातून उजेड सगळीकडे पसरत नाही, एका दिशेने येतो. ज्याच्यावर पडायचा त्याच्यावर पडतो, बाकी खोली अंधारी राहते.

इथे अंतराचा हिशेब समजून घ्यायला हवा. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दोन फुटांवर जितका उजेड, त्याचा चौथा हिस्सा चार फुटांवर आणि सोळावा हिस्सा आठ फुटांवर. खिडकी दिव्यासारखी ठिपक्याएवढी नसते, त्यामुळे अगदी जवळ हे गणित तंतोतंत बसत नाही, उजेड जरा सावकाश घटतो. पण कल तोच राहतो. म्हणून माणूस खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवा आणि त्याच्या मागची भिंत आठ-दहा फूट लांब असू द्या. चेहऱ्याला जितका उजेड मिळतो, त्याचा किरकोळ भाग त्या भिंतीला मिळेल. फोटोत ती आपोआप काळोखात जाईल. काळा पडदा विकत आणायची गरज नाही.

अंतराने आणखी एक गोष्ट बदलते. सावलीची कड किती मऊ, हे खिडकी चेहऱ्याला किती मोठी 'दिसते' यावर ठरतं. दोन फुटांवर बसलेल्या माणसाला दोन फुटी खिडकी भलीमोठी असते. उजेड तिच्या वेगवेगळ्या भागांतून गालावर येतो, म्हणून उजेडातून सावलीत जाणं हळुवार होतं. तीच खिडकी आठ फुटांवरून लहान दिसते आणि नाकाची सावली चाकूने कापल्यासारखी पडते. तेव्हा ध्यानात ठेवा, खिडकीच्या जवळ चेहरा मऊ आणि मागचं काळं, खिडकीपासून लांब चेहरा कडक आणि खोली सगळीकडे सारखी. नवशिक्याला वाटतं की गंभीर फोटोसाठी कडक उजेड हवा. प्रत्यक्षात जवळचा मऊ उजेड आणि मागचा काळोख ही जोडीच जास्त परिणाम करते.

एक उघडी, बाकी बंद

खोलीत दोन बाजूंनी उजेड आला की चेहऱ्यावर दोन सावल्या भांडू लागतात. एक गाल खिडकीचा, दुसरा दाराचा, आणि मधलं नाक सपाट. म्हणून एक उगम ठेवायचा आणि बाकीचे बंद करायचे. दार लोटा, दुसरी खिडकी लावा, ट्यूब आणि बल्ब मालवा. कवेलूंच्या फटीतून येणारे बारीक कवडसे चेहऱ्यावर पडत असतील तर पाट हातभर सरकवा.

ही रीत नवी नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले आपल्याकडचे सुरुवातीचे फोटोग्राफर. तेव्हा विजेचा दिवा नव्हता. काचेवर ओलं रसायन पसरून फोटो घेत आणि एका फोटोला कित्येक सेकंद लागत. मान हलू नये म्हणून माणसाच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावलेला असे. जगभरच्या अनेक स्टुडिओंना काचेचं छप्पर किंवा मोठी काचेची भिंत असे, शक्यतो उत्तरेकडे. आणि त्या काचेला दोऱ्यांनी ओढायचे पडदे असत. स्टुडिओवाला गिऱ्हाईक आलं की उजेड वाढवत नसे. इथला पडदा ओढ, तिथला सोड, असं करत नको तो उजेड काढून टाकत असे. आपण लाकडी झडपांनी तेच करतो.

भारतीय सिनेमाही आधी उन्हावरच चालला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्यानंतर दहा वर्षांनी, १९२३ साली, बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर सूर्य हाच दिवा होता.

चित्रकारांना तर हे फार आधीपासून ठाऊक होतं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्राँच्या चित्रांत अंधारातून अर्धाच चेहरा उजळून येतो. गोव्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्राँ' म्हणत, ते याच हातोटीमुळे. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिने ज्योतीवर आडवा धरलेला हात आतून लाल उजळलेला दिसतो. ज्योत लहानशीच आहे. भोवती काळोख ठेवल्यामुळे ती तेवढी पुरते.

माणूस कसा बसवायचा

आता खिडकी एक, खोली अंधारी. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, खिडकी त्याच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे येईल असं. तुम्ही त्याच्या समोर, पाच-सहा फुटांवर. तो पाटावर असेल तर तुम्हीही जमिनीवर बसा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला हवा. उभं राहून काढलेल्या फोटोत म्हातारं माणूस उगाच लहान, बिचारं दिसतं, आणि ते बिचारं नसतं.

चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे असेल तर खिडकीकडचा अर्धा भाग उजळ आणि दुसरा अर्धा काळा. हा फोटो जोरकस होतो, पण थोडा कोरडा. आता त्याला हळूहळू नाक खिडकीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही फक्त नाकाची सावली पाहत राहा. उजेड नाक ओलांडून पलीकडच्या गालावर उतरू लागतो. एका क्षणी नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण उरतो. डोळ्याएवढा रुंद, नाकाएवढा लांब. तिथे थांबा. रेम्ब्राँच्या चित्रांतला त्रिकोण म्हणतात तो हाच. अर्धा चेहरा काळोखात असूनही त्या त्रिकोणामुळे तो डोळा जिवंत राहतो.

आणखी वळवलं तर दोन्ही गाल उजळतात, चेहरा मोकळा दिसतो आणि नाट्य कमी होतं. पुरतं खिडकीकडे वळवलं तर बाजूने फक्त कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची उजळ रेघ मिळते. तीही सुंदर असते. हे सगळे फोटो एकाच पाटावर, मान चार बोटं फिरवून मिळतात. एक गोष्ट मात्र पाळा. चेहरा खिडकीकडे वळलेला असेल तर तुम्ही सावलीच्या बाजूला राहा. सावलीचा गाल कॅमेऱ्याच्या जवळ आला की चेहऱ्याला खोली येते.

बाजूच्या उजेडात सुरकुत्या का दिसतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. नांगरलेल्या वावरात भर दुपारी गेलं तर जमीन सपाट दिसते. तेच ऊन कललं की एकेक तास उठून दिसतो, कारण प्रत्येक उंचवट्याची सावली शेजारच्या खोलगटात पडते. चेहऱ्याचंही तसंच. समोरून पडणारा फ्लॅश म्हणजे भर दुपार. तो सुरकुत्याही पुसतो आणि माणूसही पुसतो.

खालची झडप लावा

मित्राच्या घरी पहिल्या दोन-तीन फोटोंत आजीचा चेहरा विचित्र वाटत होता. हनुवटीखालचा भाग उजळ, डोळे मात्र खोल. खिडकीबाहेर पाहिल्यावर कारण कळलं. बाहेरच्या सारवलेल्या अंगणाचा काही भाग उन्हात होता आणि तिथून उजेड उसळून खिडकीच्या खालच्या भागातून आत येत होता. तो खालून वर चेहऱ्यावर पडत होता. आपल्याला माणसाचा चेहरा वरून पडणाऱ्या उजेडात पाहायची जन्माची सवय असते, म्हणून खालचा उजेड खटकतो.

जुन्या खिडक्यांना बहुतेकदा चार झडपा असतात, दोन वर, दोन खाली. मी खालच्या दोन लावल्या. आता फक्त वरच्या भागातून, आभाळाकडून उजेड येऊ लागला. नाकाची सावली खाली, ओठांच्या कोपऱ्याकडे उतरली. डोळ्यांच्या बाहुल्यांत वरच्या बाजूला खिडकीचं लहानसं चौकोनी प्रतिबिंब दिसू लागलं. हा चौकोन जरूर शोधा. तो डोळ्यात नसेल तर बाकी सगळं नीट असूनही चेहरा विझलेला वाटतो. दिसत नसेल तर माणसाला हनुवटी किंचित वर करायला सांगा किंवा खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहायला सांगा. झडपा नसतील तर खालच्या अर्ध्या भागावर पोतं टाका, तेवढंच पुरतं.

पदर कपाळावर पुढे आलेला असेल तर त्याची सावली डोळ्यांवर पडते. तो बोटभर मागे घ्यायला सांगा, पण स्वतः हात लावू नका. चष्मा असेल तर काचेत खिडकी चमकते. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलायला सांगितल्या की काचा थोड्या खाली कलतात आणि चमक निघून जाते.

घोंगडी आणि कापूस

सावली किती गडद ठेवायची, हे ठरवायला दोन वस्तू पुरतात, एक काळी आणि एक पांढरी.

काळी वस्तू म्हणजे घोंगडी. काळ्या लोकरीची घोंगडी उजेड शोषून घेते, परत पाठवत नाही. माणसाच्या मागे टांगली तर पार्श्वभूमी म्हणून काळीभोर होते, चमकत नाही. सॅटिनचा काळा कपडा हे काम करू शकत नाही, त्याच्या घड्या चमकतात. हीच घोंगडी सावलीच्या बाजूला, गालापासून दोन फुटांवर कोणाला तरी धरायला सांगा. समोरच्या भिंतीवरून उसळून येणारा उजेड अडतो आणि सावली आणखी गडद होते. पांढऱ्या चुन्याच्या खोलीत ही युक्ती फारच उपयोगी, कारण तिथे उजेड चारी भिंतींवरून परत येत राहतो.

पांढरी वस्तू त्या दिवशी घरातच पडलेली होती. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणी झाली की भाव बरा मिळेपर्यंत अनेक घरांत कापूस खोलीतच राहतो. या घरात खिडकीसमोरच्या कोपऱ्यात कमरेएवढा ढीग होता. आजी बसली होती तिथून तो सावलीच्या बाजूला, तीन-चार फुटांवर. पहिल्या फोटोत सावलीतला गाल चांगलाच दिसत होता, अगदी कानाखालची रेघसुद्धा. एवढा उजेड येतो कुठून, हे आधी कळेना. मग ढिगाकडे पाहिलं. खिडकीचा उजेड कापसावर पडून, मऊ होऊन परत येत होता. फोटोग्राफर विकत घेतात तो पांढरा रिफ्लेक्टर याहून वेगळं काही करत नाही.

मी ढिगावर घोंगडी टाकली. तोच पाट, तीच खिडकी, तोच कोन. सावलीतला गाल काळोखात गेला, फक्त डोळ्याखालचा त्रिकोण उरला. घोंगडी काढली, गाल परत आला. दोन्ही फोटो मी ठेवले. घोंगडीचा फोटो पाहणाऱ्याला थांबवतो. कापसाचा फोटो घरच्यांना आवडला, कारण त्यात आजी ओळखीची दिसते. कुठला बरोबर, हे तुम्ही कुणासाठी फोटो काढता यावर आहे. कापूस नसेल तर पांढरं धोतर, थर्माकोलचा तुकडा किंवा उघडलेलं वर्तमानपत्रही चालतं. पितळी परात धरली तर उजेडाला पिवळसर झाक येते, म्हाताऱ्या त्वचेला ती छान दिसते. पांढरी वस्तू जवळ आणली की सावली उघडते, लांब नेली की मिटते. बोटाने दिव्याची वात पुढे-मागे करावी तसं ते आहे.

बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखावरच्या आरशांची वेगळी काळजी घ्यावी लागते. एकेक आरसा खिडकी परत फेकतो. खांदा थोडा फिरवला की ते एकाच वेळी पेटतात, आणखी फिरवला की विझतात. चेहऱ्यापेक्षा ते जास्त चमकू लागले तर खांदा वळवा, चेहरा नको.

कॅमेऱ्याला अंधार कळत नाही

इथेच बहुतेकांचा फोटो बिघडतो. कॅमेऱ्याचं मापन असं गृहीत धरतं की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असतं. अंधाऱ्या खोलीत त्याला बहुतांश काळं दिसतं. मग 'इथे उजेड कमी आहे' असं समजून तो फोटो उजळवतो. काळोख करडा होतो, आणि उजळ गाल पांढरा पडून त्यातला कातडीचा पोत निघून जातो. तुम्ही एवढ्या मेहनतीने जपलेला अंधार तो घालवतो.

मोबाइलमध्ये उपाय सोपा आहे. पडद्यावर उजेडातल्या गालावर बोट ठेवून दाबून धरा. बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कायम होतो. मग शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढा. मागची भिंत काळी होईपर्यंत आणि गालावरची छिद्रं दिसेपर्यंत ओढा. फ्लॅश, नाइट मोड आणि चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड बंद करा. मोबाइल चेहऱ्याजवळ नेऊ नका, नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दुप्पट झूमचं भिंग असेल तर ते वापरा, नाहीतर पाच फुटांवरून काढून नंतर कापा.

कॅमेरा असेल तर स्पॉट मीटरिंग ठेवून उजळ गालाचं माप घ्या. इथे त्वचेचा रंग लक्षात घ्यावा लागतो. गडद सावळ्या गालाचं माप घेतलं तर कॅमेरा त्यालाही मध्यम करडा करायला बघेल, म्हणजे आहे त्याहून गोरा. म्हणून अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी करा. अगदी उजळ कातडी असेल तर एक स्टॉप वाढवा. माणसाचा रंग आहे तसा उतरणं हा त्याचा मान आहे. अख्ख्या चौकटीचं सरासरी माप घेत असाल तर एक ते दोन स्टॉप उणे ठेवून सुरुवात करा.

हिवाळ्यातल्या सकाळी खिडकीजवळ माझे आकडे साधारण असे असतात: आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर २.८, शटर १/१२५. उजेड उतरला की आयएसओ वाढवतो, पण शटर १/१०० च्या खाली नेत नाही. म्हाताऱ्या माणसाची मान किंचित डुलत असते, डोळे लवतात. फोकस जवळच्या डोळ्यावर. भिंग पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ८५ मिमीचं, लहान सेन्सरवर ५० मिमीचं. पांढरं लुगडं किंवा धोतर असेल तर त्यावर लक्ष ठेवा. ते सावळ्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त उजळ असतं आणि आधी तेच पांढरं फटक होतं. गरज पडली तर खांद्यावरचा पदर खिडकीपासून दूर घ्यायला सांगा.

रंग

आभाळाचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा. दोन्ही मिसळले की एक गाल निळा आणि एक पिवळा होतो आणि नंतर काही केल्या तो दुरुस्त होत नाही. दिवे मालवण्याचं हे दुसरं कारण. व्हाइट बॅलन्स ढगाळ किंवा सावलीच्या खुणेवर ठेवा. भिंतीचा रंगही उजेडात उतरतो. मातीची भिंत कातडीला ऊब देते. चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या भिंती सावल्यांना निळी झाक देतात. हिरव्या पडद्यातून येणारा उजेड तर चेहऱ्याला आजारी करतो, तो पडदा काढूनच ठेवा. रंग जुळलेच नाहीत तर फोटो कृष्णधवल करा. उजेड आणि सावली नीट असतील तर तो उभा राहतो.

हातातलं काम काढून घेऊ नका

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते. कॅमेरा दिसला की आपली माणसं श्वास धरून बसतात. हात मांडीवर, नजर समोर, ओठ घट्ट. पूर्वी फोटो म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा, स्टुडिओत, पैसे मोजून काढायची गोष्ट होती, त्याची ती आठवण आहे. अशा वेळी 'हसा' म्हणू नका. जे काम ते करत होते ते परत त्यांच्या हातात द्या.

मी आजीला सूप परत दिलं. खडे वेचता वेचता ती बोलू लागली. यंदा कापूस किती निघाला, मजूर किती महाग झाले, धाकटी नात पुण्याला कुठे शिकते. मी कॅमेरा डोळ्याला लावूनच ऐकत होतो. थोड्या वेळाने ती बोलायची थांबली. हात सुपात, नजर खिडकीच्या वरच्या झडपेकडे. त्या दोन-तीन सेकंदांत मी शटर दाबलं. त्यानंतर आणखी पंधरा-वीस फोटो काढले, पण तो एकच हवा होता.

आधी विचारून फोटो काढा, काढल्यावर त्यांनाच पहिल्यांदा दाखवा, आणि नको म्हणाले तर तिथेच पुसून टाका. हा नियम फोटोच्या कुठल्याही नियमाच्या आधी येतो.

छापा आणि भिंतीवर लावा

गावात म्हातारं माणूस गेलं की घरात धावपळ सुरू होते ती फोटोची. शोधून शोधून मिळतो तो आधार कार्डावरचा किंवा रेशनच्या कागदावर चिकटवलेला. तो मोठा करून, मागे निळं आभाळ चिकटवून, हार घालून भिंतीवर लागतो. ज्या माणसाने चाळीस वर्षं वावर कसलं, घर चालवलं, नातवंडं वाढवली, त्याची पुढच्या पिढीला दिसणारी खूण म्हणजे फ्लॅशमध्ये दचकलेला एक चेहरा. मला हे फार लागतं. कारण त्या घरात खिडकी होती, घोंगडी होती, कुणाच्या तरी खिशात मोबाइलही होता. फक्त एक सकाळ कुणी काढली नाही.

ती सकाळ काढा. काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका, बारा बाय आठ इंची छापून घ्या, मॅट कागदावर, म्हणजे चमकणार नाही. फ्रेम खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, काचेत चेहऱ्याऐवजी खिडकी दिसेल. बाजूच्या भिंतीवर लावा, उजेड कडेने येईल.

त्या दिवशी मी कॅमेरा पिशवीत ठेवला तेव्हा आजी म्हणाली, "झालं का? मंग खोल ते कवाड, दळण निवडाचं हाय अजून." मी दार उघडलं, झडपा उघडल्या, घोंगडी घडी करून ठेवली. खोली पुन्हा नेहमीसारखी उजळली. आजी किंचित सरकली, सूप पुढे ओढलं आणि खिडकीकडे तिचा तोच कोन साधून बसली.

महिन्याभराने फोटो घेऊन गेलो, तेव्हा मित्राने तो खिडकीच्या डाव्या हाताच्या भिंतीवर लावला. खाली आजी बसली होती. फोटोतल्या चेहऱ्यावर आणि खालच्या चेहऱ्यावर उजेड एकाच बाजूने येत होता.